कच्च्या विटेवरून

आज काही बघायचं नाही,
असं थावीला सकाळीच सांगितलं.
तिला ते पटलं नसावं. तिने तुकतुक झाडांत वळवली,
तीन दिवस वळवत होती तिथेच.

बस संध्याकाळी सहाला, काम्पोंग थोमच्या बाजारातून.
पाकिटात उरलेत एकोणीस हजार रिएल,
म्हणजे एक जेवण आणि फार तर दोन नारळ.

तीन दिवस मी देवळं मोजली.
अष्टकोनी, चौकोनी, छप्पर असलेलं, नसलेलं,
मुळांनी धरून ठेवलेलं,
मुळांनीच पाडलेलं.
सदतीसवर वही थांबली.
सवय. तीस वर्षं अण्णांच्या भट्टीचा हिशेब मीच लिहिला,
हजारी किती फुटल्या, किती कच्च्या राहिल्या.

आज एकाच देवळाच्या सावलीत बसले आहे.
सावली सरकली की मीही सरकते.
आत लिंग नाही. नुसती शाळुंका,
तिच्यात रात्रीचं पाणी आणि चिंचोक्याएवढा बेडूक.
मी हात जोडले,
मग वाटलं, कोणाला,
मग तसेच जोडलेले राहू दिले.

बाहेरच्या भिंतीवर, विटेतच कोरलेला, एक महाल उडतो आहे.
खालून पक्ष्यांनी पंखांवर तोललाय.
सज्ज्यातल्या माणसांचे चेहरे झिजले,
तरी एक जण रेलून बघतोय
खाली काय चाललंय.
खाली काजूची झाडं. सायकलवरून घरी निघालेली दोन पोरं.
पलीकडे एक गोल तळं, जरा जास्तच गोल.
देवळाचं का, मी खुणेने विचारलं.
थावीने मान हलवली, तळहाताचं विमान केलं,
त्यातून काहीतरी खाली सोडलं,
आणि मग मला त्यातली बदकं दाखवली.

दुपारी तिने डबा उघडला.
मी मासा खात नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.
तिखटमीठ लावलेली कैरी खाताना
दोघींचाही डावाच डोळा मिटला.

नंतर पडक्या विटांच्या ढिगात, मुंग्या कुठे जातात बघायला,
एक वीट उलटली.
तिच्यावर कुत्र्याचा पंजा.
चार बोटं, मागे गादी,
नखं पुढे खोल रुतलेली. पळत होता.

मला पंजे कळतात.
अंगणभर विटा पाडून वाळत घातल्या
की आळीतली सगळी कुत्री नेमकी तिथूनच जायची.
अण्णा हाड हाड करत धावायचे, एकाच पायात चप्पल.
उमटलेली वीट मात्र टाकायचे नाहीत.
आतल्या थराला चालते म्हणायचे,
भिंतीला काय कळतंय.

म्हणजे हीसुद्धा आतलीच.
भिंत उभी होती तोवर, चौदाशे वर्षं, कोणाला दिसली नाही.
भिंत पडली तेव्हा हा कुत्रा सुटला.

कोणीतरी ओरडलं असणार त्याच्यावर.
देवाचं काम, त्यात राजाचं,
पोटात धस्स झालं असणार.
मग इकडेतिकडे बघून
ओली वीट हळूच बाकीच्यांत सरकवली असणार.

थावीला विचारलं, तुमच्यात कुत्र्याला हाकलतात कसं?
हातवारे केले. भुंकूनही दाखवलं.
हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
मग तिने दातांतून एक आवाज काढला,
आखूड, कुठल्याच अक्षरात न बसणारा.
तुकतुकखाली झोपलेलं तांबडं कुत्रं उठलं,
आमच्याकडे वैतागून बघितलं
आणि विटांच्या ढिगावरून चालत गेलं.
काही उमटलं नाही.
विटा पक्क्या आहेत.

पाच वाजता माझी सावली संपली,
म्हणजे सगळीकडेच झाली.
वीट होती तशी पालथी घातली.
वहीत अडतीस लिहिलं, मग खोडलं.

थावीने हॉर्न वाजवला, एकदाच, हळू.
नारळ राहूनच गेले.